पिंजरा आधी, पाखरू नंतर

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या अंगाला पाळीव प्राण्यांची दुकानं आहेत. रविवारी दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. माशांच्या टाक्या, सशांची खुराडी आणि त्यांच्यावर थेट छतापर्यंत रचलेले पिंजरे. दर्शनी बाजूला १८६९ साली उभी राहिलेली मंडई आणि तिच्यावरची जॉन लॉकवुड किपलिंग यांची शिल्पं, मागे हा गलका. एका दुकानापुढे आई, वडील आणि त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती. मोठ्या खुराड्यातल्या थव्यातून मुलीने एक निळं आणि एक पिवळं पाखरू बोटाने दाखवलं. दुकानातल्या पोऱ्याने आत हात घालून दोन्ही पकडली आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सोडली. मग गोष्ट पिंजऱ्यावर आली.

"दादा, तो सोनेरी केवढ्याला?" आईने विचारलं. घुमटाच्या आकाराचा, वर कडी, आत झोपाळा, झोपाळ्याला घुंगरू.

"ताई, तो दिसायला छान आहे, पण हा बघा, हा पुसायला सोपा," म्हणत दुकानदाराने निळ्या ट्रेचा चौकोनी पिंजरा खाली काढला. "जोडी आरामात राहते यात."

गॅलरीतल्या हुकाला लटकेल का, लोकलमधून नेता येईल का, हे वडिलांनी विचारून घेतलं. शेवटी घुमटवालाच ठरला, कारण मुलीचं मन त्यावर बसलं होतं. बुडाशी तो जेमतेम दीड वीत भरला असता.

पुसायला सोपा, न्यायला सोपा, दिसायला छान, खिशाला परवडणारा. सगळे प्रश्न माणसांच्या सोयीचे होते. खोक्यातल्या दोघांना त्यात पंख उघडता येतील का, हे कुणी विचारलं नाही आणि दुकानदारानेही आपणहून सांगितलं नाही. ही माणसं निष्काळजी होती असं मुळीच नाही. पाणी दिवसातून किती वेळा बदलायचं, राळे किती घालायचे, हे मुलीने दोनदा विचारून घेतलं होतं. पिंजऱ्याबद्दल काय विचारायचं असतं, हेच त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

यंदाच्या अंकाचा विषय 'घर' आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या मनात आलं ते हे घरातलं घर. त्यात राहणाऱ्याला ते निवडता येत नाही, सोडता येत नाही आणि बदलून मागताही येत नाही. ते कसं असावं, कुठे बनतं, कशाने बिघडतं, हे पाहायला मी दुकानांत, जाळीच्या कारखान्यात, डॉक्टरांकडे आणि पक्षी पाळणाऱ्यांच्या घरी गेले.

एक फुटाचे पंख

आपल्याकडे ज्यांना सर्रास 'लव्ह बर्ड्स' म्हणतात ती बहुतेक वेळा बजरीगर असतात. पाळणारे त्यांना 'बजी' म्हणतात. खरे लव्ह बर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि कितीतरी दणकट चोचीचे. बजी मूळची ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या गवताळ प्रदेशातली. पाऊस जिकडे पडेल, गवताला बी जिकडे धरेल, तिकडे थव्याने भटकणारी. १८४० साली जॉन गूल्ड यांनी जिवंत बजी इंग्लंडला नेल्या आणि तिथून त्या जगभर घरोघरी पोहोचल्या. शेपटीसकट लांबी सात इंच, वजन तीस-चाळीस ग्रॅम, त्यामुळे ती 'एवढीशी' वाटते. पण तिने दोन्ही पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास एक फूट होतं. म्हणजे फूटभर रुंदीच्या पिंजऱ्यात तिला पंख नीट फडफडवताही येत नाहीत, मग उडणं दूरच.

पक्ष्याच्या पिंजऱ्याचं माप इथून सुरू करायचं. पंख पसरून, शेपूट कुठेही न घासता ती जागच्या जागी वळली पाहिजे. आणि एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर जाताना तिला निदान चार-सहा वेळा पंख मारावे लागले पाहिजेत. बजीच्या एका जोडीसाठी लांबी अडीच फूट, खोली दीड फूट आणि उंची दीड फूट, हे कमीत कमी. कॉकॅटील, म्हणजे बाजारातला 'कॉकटेल', शेपटीसकट फूटभर लांब असतो. त्याच्या जोडीला तीन फूट लांबी, दोन फूट खोली आणि दोन फूट उंची लागते. फिंच दिसायला सगळ्यात लहान, पण तिचा पिंजरा बजीपेक्षा लहान असून चालत नाही. पोपटाच्या जातीतले पक्षी चोच आणि पाय वापरून जाळीवर चढतात आणि तेवढा तरी व्यायाम करून घेतात. फिंच चढत नाही. ती उडते नाहीतर बसते, म्हणून तिला लांबी हवीच.

लांबीवर एवढा भर देण्याचं कारण साधं आहे. हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठणं या पक्ष्यांना जमत नाही, ते आडवे उडतात. दुकानात मात्र उंच पिंजरे जास्त दिसतात, कारण ते कमी जागा अडवतात. चार फूट उंच आणि सव्वा फूट रुंद पिंजऱ्यातल्या बजी दिवसभर वरच्या दांडीवर दाटीने बसून असतात आणि खालची तीन फूट हवा वाया जाते. गोल पिंजऱ्याचं दुखणं वेगळं. त्याला कोपरा नसतो आणि घाबरलेलं पाखरू आधी कोपराच शोधतं. शिवाय घुमटाच्या टोकाशी तारा एकमेकींजवळ येत जातात. त्या निमुळत्या फटीत नख, बोट, कधी मान अडकते.

तारांमधलं अंतर हे दुसरं माप. बजी आणि फिंचसाठी अर्धा इंच, त्याहून जास्त नाही. कॉकॅटीलला पाऊण इंचापर्यंत चालतं. नियम असा, की पक्ष्याचं डोकं बाहेर जाता कामा नये. डोकं एकदा गेलं की परत आत घेताना जबड्याची हाडं आडवी येतात आणि घाबरून ओढाओढ सुरू होते. मोठ्या पोपटासाठी बनवलेला ऐसपैस पिंजरा स्वस्तात मिळाला म्हणून बजीला आणणाऱ्यांची इथे फसगत होते. जागा भरपूर, पण तारांमध्ये इंचभर अंतर.

जाळीची आळी

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत शिरलं की खिळ्यांपासून दोरखंडापर्यंत सगळं मिळतं. जाळीची भेंडोळी दुकानाबाहेर उभी करून ठेवलेली असतात. षटकोनी भोकांची ती चिकन जाळी, चौकोनी ती वेल्डमेश. 'अर्धा बाय अर्धा', 'एक बाय अर्धा', 'बारा गेज', 'सोळा गेज' ही इथली भाषा. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे नवख्याला उलटं वाटतं. बजीला सोळा गेज पुरते. दणकट चोचीच्या पोपटाला ती दोन दिवस पुरायची नाही.

पिंजरे बनवणाऱ्या एका चाचांच्या शेडमध्ये मी बराच वेळ बसले. त्यांचं बहुतेक काम कोंबड्यांच्या खुराड्यांचं, पण पक्षी पाळणारे माप घेऊन येतात. चाचांनी जाळीचा तुकडा कात्रीने कापला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. प्रत्येक तारेचं टोक सुईसारखं वर आलं होतं. "हे टोक आत राहिलं तर पाखराचा पाय फाटणार," ते म्हणाले. मग त्यांनी एकेक टोक पक्कडने बाहेरच्या बाजूला दुमडलं, त्यावर पातळ पट्टी बसवली आणि ती ठोकून चपटी केली. तयार पिंजऱ्यात ही पट्टी बहुधा नसते. पिंजरा घेताना दाराच्या कडेवरून आणि ट्रेच्या खाचेतून आतल्या बाजूने बोट फिरवून पाहावं. बोटाला जे टोचतं ते पायाला टोचणार.

ही जाळी जीआय, म्हणजे लोखंडी तारेवर जस्ताचा मुलामा दिलेली. मुलाम्यामुळे गंज धरत नाही, म्हणून ती सगळीकडे वापरतात. पण नव्या जाळीवर जस्ताचे बारीक थेंब, खवले राहिलेले असतात. वेल्डिंगच्या सांध्यांवर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुढे दमट हवेत जाळीवर पांढरट भुकटी धरते. मुंबईत, कोकणात समुद्राच्या वाऱ्याने ती लवकर धरते. पोपटाच्या जातीतला पक्षी दिवसभर जाळी चोचीत धरून चढत असतो, चाटत असतो, कुरतडत असतो. जस्त त्याच्या पोटात जातं.

पुढे काय होतं, ते पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांनी मला एक्स-रे लावून दाखवलं. एवढ्याशा देहाची राखाडी आकृती आणि पेषणीच्या जागी पांढरे शुभ्र कण. धान्य दळणाऱ्या पेषणीत धातूही दळला जातो, तिथल्या आम्लात विरघळतो आणि रक्तात उतरतो. पाखरू सुस्तावतं, खाल्लेलं बाहेर टाकतं, विष्ठा पातळ हिरवी होते, पायांतला जोर जातो, शेवटी झटके येतात. "मालक म्हणतात, काल संध्याकाळपर्यंत चांगला होता," डॉक्टर सांगत होत्या. "आजार लपवणं ही पक्ष्यांची रीतच. तुम्हाला दिसतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो." शरीरातलं जस्त बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती वेळेत मिळाली तर.

उपाय जमण्याजोगे आहेत. पैसे असतील तर स्टेनलेस स्टील; कारखान्यात '३०४' मागायचं. ते महाग पडतं, पण गंजत नाही, विषारी नाही आणि जन्मभर टिकतं. त्याखालोखाल चांगलं पावडर कोटिंग. मात्र कोटिंगचा पोपडा कुठे उडाला असेल तर तिथे चोच आधी पोहोचते. जीआय जाळीच वापरायची असेल तर ती व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून, खवले काढून, भरपूर पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरायची आणि पांढरी भुकटी दिसली की पुन्हा घासायची. जुन्या वाड्यांच्या ओसरीत टांगलेले पितळी पिंजरे आता शोभेच्या वस्तू म्हणून विकायला येतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच, शिवाय जुन्या सांध्यांना शिशाचं डाग देणं चालायचं. असा पिंजरा दिवाणखान्यात कुंडी ठेवायला घ्यावा, पाखरू ठेवायला घेऊ नये.

दांडी, दार आणि घुंगरू

विकतच्या पिंजऱ्यासोबत दोन गुळगुळीत दांड्या येतात. प्लास्टिकच्या नाहीतर लाकडी, दोन्ही एकाच जाडीच्या. पाखरू झोपतं तेही उभ्यानेच, त्यामुळे चोवीस तास त्याच्या तळपायाच्या त्याच त्या जागेवर भार येतो. डॉक्टरांनी एका कॉकॅटीलला पंच्यात गुंडाळून उताणं धरलं आणि त्याचा पाय मला दाखवला. निरोगी तळपायावर खवल्यांची बारीक नक्षी असते. इथे मधोमध ती पुसली गेली होती आणि तिथली त्वचा लालसर, ताणलेली, चकचकीत झाली होती. पुढे इथेच जखम होते, सूज येते आणि पू हाडापर्यंत उतरू शकतो. या घडीला उपाय होता तो फांदीचा.

पेरूची फांदी उत्तम. कडुलिंबाचीही चालते. कुठे अंगठ्याएवढी, कुठे करंगळीएवढी, मध्ये गाठ, थोडा बाक. त्यामुळे पायाची पकड सारखी बदलत राहते आणि साल सोलण्यात पाखराचा वेळही जातो. फवारणी न झालेल्या झाडाची फांदी आणावी, घासून धुवावी, कडक उन्हात वाळवावी. कण्हेर आणि रुई मात्र घरातही आणू नये, दोन्ही विषारी. नखं झिजावीत म्हणून सँडपेपर गुंडाळलेल्या दांड्या मिळतात. त्याने नखं झिजोत न झिजोत, तळपाय नक्की सोलतात. दोन दांड्या दोन टोकांना लावाव्यात, मधली जागा उडायला मोकळी ठेवावी. अन्नपाण्याच्या वाट्या दांडीच्या बरोबर खाली नकोत, नाहीतर विष्ठा त्यातच पडते.

दारही नीट पाहून घ्यावं. स्वस्त पिंजऱ्यांना वर सरकणारं दार असतं. हुशार पाखरू ते चोचीने उचलतं, मान बाहेर काढतं आणि दार मानेवर पडतं. बाजूला उघडणारं, कडी बसणारं दार बरं. शिवाय ते एवढं मोठं हवं, की पाखरू हातावर बसलेलं असताना हात आतबाहेर करता यावा. खाली ट्रेच्या वर जाळी असली म्हणजे पाखरू घाणीत उतरत नाही. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचा कागद घालावा आणि तो रोज बदलावा. त्या कागदावरची विष्ठा पाहूनच जाणते पाळणारे तब्येत ओळखतात.

आता झोपाळ्याचं घुंगरू. आवाज गोड वाटतो म्हणून आपण ते हौसेने बांधतो. त्याच्या बारीक चिरेत बजीचं बोट किंवा चोचीचं टोक अडकतं आणि आतली गोटी निघाली तर ती गिळली जाते. सुटे दोरे, लोकर, बारीक साखळ्या पायाला गुरफटतात. खेळणं द्यायचं तर कुरतडता येईल असं द्यावं. मऊ लाकडाचा तुकडा, मक्याचं कणीस, नारळाची स्वच्छ करवंटी चालते. समुद्रफेस एका बाजूला अडकवावा. आणि अंडी द्यायची नसतील तर मटकी टांगू नये. मटकी दिसली की मादी विणीला लागते. एकापाठोपाठ एक विणी झाल्या की तिच्या हाडांतलं कॅल्शियम ओसरतं आणि अंडं अडून ती दगावू शकते. बाजारात मात्र जोडी, पिंजरा आणि मटकी असा संचच विकला जातो.

भिंत, पंखा, तवा

चांगला पिंजरा वाईट जागी ठेवला तर सगळं मुसळ केरात. जागा निवडताना एक बाजू भिंतीला टेकलेली हवी. चारी बाजूंनी उघड्यावर टांगलेल्या पाखराला कुठून काय येईल याची धास्ती दिवसभर असते. उंची साधारण आपल्या छातीएवढी असावी. माणसांची ये-जा दिसावी, पण टीव्हीच्या कानाशी नको. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता मिळाली पाहिजे. दिवाणखान्यात रात्री बारापर्यंत दिवे जळणाऱ्या आपल्या घरांत हेच सगळ्यात अवघड आहे. गोधडीने नव्हे, तर हवा खेळेल अशा सुती कापडाने संध्याकाळी पिंजरा झाकला तर थोडी सोय होते. कॉकॅटील अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटतात, त्यांच्यासाठी झिरोचा दिवा लावून ठेवावा.

स्वयंपाकघर वर्ज्य. पक्ष्याच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि तिला साथ द्यायला शरीरभर वायुकोश असतात. उडण्यासाठी लागणारा भरपूर प्राणवायू त्यांना असा मिळतो आणि हवेतलं विषही तितक्याच झपाट्याने आत जातं. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून अति तापला, की त्याच्या लेपातून निघणारी वाफ माणसाला जाणवायच्या आत शेजारच्या खोलीतलं पाखरू मारू शकते. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, रूम फ्रेशनर, ताजा रंग हेही त्याच्या श्वासाला जड जातात. दिवाळीआधी घराला रंग देणार असाल तर पाखराची सोय आधी दुसरीकडे लावा.

दिवाळीत आवाज आणि धूर एकदम येतो. डोंबिवलीच्या एका घरातल्या काकूंनी त्यांची पद्धत सांगितली. फटाक्यांचे दिवस आले की पाखरं आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, मंद दिवा चालू. "आम्ही आळीपाळीने त्यांच्याजवळ बसतो. ओळखीचा आवाज ऐकला की शांत राहतात," त्या म्हणाल्या.

पिंजरा कितीही मोठा असला तरी पाळीव पाखराला रोज तास-दोन तास बाहेर उडू द्यायलाच हवं. इथे आपल्या घरातला मोठा वैरी म्हणजे छताचा पंखा. दार उघडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरशावर कापड, बादल्या झाकलेल्या आणि गॅसवर काही नाही, हे घरातल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलं पाहिजे. ते जमत नाही म्हणून बरेच जण पंखच कापून आणतात. मग ते पाखरू धोका दिसला तरी पळू शकत नाही.

गॅलरीतलं घर

डोंबिवलीच्या याच काका-काकूंनी आपल्या गॅलरीच्या एका बाजूला पक्षीघर केलं आहे. साडेसहा फूट लांब, तीन फूट खोल, माणूस उभा राहील एवढं उंच. आत कॉकॅटील आणि बजी यांचे वेगळे कप्पे, कारण बजी आकाराने लहान असूनही कॉकॅटीलच्या पायाला चावतात. दारं दोन, एकामागे एक. आधी बाहेरचं लावायचं, मग आतलं उघडायचं, म्हणजे खांद्यावरून निसटलेलं पाखरू थेट आभाळात जात नाही. घरच्या हवेत वाढलेली बजी मुंबईच्या आभाळात जगत नाही. कावळे, घारी, भूक आणि ऊन यांतलं काहीतरी दोन दिवसांत तिला गाठतंच.

जाळी अर्धा बाय अर्धा, आणि ती खालीही आहे. "सुरुवातीला खाली लाद्या आहेत म्हणून जाळी लावली नव्हती," काका म्हणाले. "उंदराने ड्रेनेजच्या पाइपाशेजारून वाट काढली." दुपारच्या उन्हाच्या बाजूला बांबूची चटई, उन्हाळ्यात तिच्यावर पाणी मारलेलं गोणपाट, पावसाळ्यात ताडपत्री. तरीही अर्धा भाग उघडा ठेवला आहे, कारण कोवळं ऊन थेट अंगावर यायला हवं. उन्हातली जीवनसत्त्व ड तयार करणारी अतिनील किरणं काच बरीचशी अडवून धरते. जिथे ऊन येतं तिथे सावलीही हवी, म्हणजे पाखराला दोन्हींतून निवडता येतं.

या घराला रोज तासभर द्यावा लागतो. टरफलं झाडणं, वाट्या गरम पाण्याने धुणं, कागद बदलणं, आठवड्याला दांड्या घासणं. खालच्या मजल्यावर टरफलं उडतात म्हणून तक्रार आली, तेव्हा काकांनी जाळीच्या खालच्या हातभर भागाला आतून ॲक्रिलिकचे पत्रे लावले. खिडकीबाहेरच्या बॉक्स ग्रिलमध्येही काही जण असं घर करतात. तिथे ग्रिलची ताकद आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट या दोन गोष्टी आधी पाहिल्या पाहिजेत.

ज्यांच्यासाठी पिंजराच नाही

हिरवा मिठू कुठल्या पिंजऱ्यात ठेवावा, असं मला पुष्कळांनी विचारलं. उत्तर एकच: कुठल्याच नाही. आपला पोपट, मैना, मुनिया या देशी पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि त्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे. पिल्लू ढोलीतून काढून विकलेलं असो की कुणी प्रेमाने भेट दिलेलं, ते पाळणं गुन्हाच. घरात आधीपासून असेल तर खिडकीतून सोडून देणंही बरोबर नाही, कारण त्याला ना उडण्याचा सराव असतो ना चारा शोधण्याचा. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून ते योग्य हाती सोपवावं.

परदेशी पक्ष्यांचं वेगळं आहे. आफ्रिकन ग्रे, मकाव यांसारख्या, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येणाऱ्या पक्ष्यांची नोंद वनविभागाकडे करावी लागते. त्यासाठी २०२४ साली केंद्राने नियम केले आणि नोंदणी 'परिवेश' पोर्टलवर ठेवली. बजी आणि कॉकॅटील त्या कराराच्या यादीतून वगळलेले आहेत. पण पिंजऱ्याचा कायदा सगळ्यांना लागू आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११व्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे, की ज्या पिंजऱ्याची उंची, लांबी आणि रुंदी प्राण्याला पुरेशी हालचाल करू देत नाही, त्यात त्याला कोंडणं हा गुन्हा आहे. म्हणजे दीड विती घुमटातली जोडी हा केवळ आवडीनिवडीचा विषय उरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली याच्याही पुढे जाऊन, उडणं हा पक्ष्यांचा हक्क आहे आणि धंद्यासाठी त्यांना पिंजऱ्यात कोंडण्याचा हक्क माणसाला नाही, असं मत नोंदवलं होतं.

मग पाळावंच का, हा प्रश्न खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात पैदास झालेल्या बजीला बाहेर जागा नाही, आत तरी ती आपण दिली पाहिजे, एवढंच मी म्हणू शकते. ज्यांच्याकडे पाखरू आधीच आहे त्यांनी निदान त्याचं घर वाढवावं. दोन पिंजरे जोडून मधली जाळी काढली तरी लांबी दुप्पट होते.

रिकामा पिंजरा

आणि ज्यांनी अजून पाखरू आणलेलं नाही त्यांच्यासाठी, या सगळ्या हिंडण्यातून मला पटलेली एक गोष्ट. पिंजरा आधी आणा, पाखरू नंतर. तीन फूट लांबीचा पिंजरा जिथे ठेवायचा म्हणता तिथे महिनाभर रिकामाच ठेवा. त्याच्यावर किती वाजता ऊन येतं, फोडणीचा धूर तिथवर जातो का, रात्री दिवे कधी मालवतात, हे पाहा. रोज सकाळी ट्रेमधला कोरा कागद बदला. सुट्टीत गावी जाताना तो कोणाकडे ठेवणार, ते आत्ताच विचारून ठेवा. बजी नीट जपली तर पाच-दहा वर्षं जगते, कॉकॅटील पंधरा-वीस. आफ्रिकन ग्रे चाळीसच्या पुढेही जातो. तो आणणाऱ्याने आपल्यामागे त्याचं कोण पाहील, हेही ठरवायला हवं.

महिन्याभरात तो पिंजरा अडचण वाटू लागला, कागद बदलायचा राहू लागला, तर पिंजरा परत द्या. त्यात कमीपणा काही नाही; कुणाच्या तरी दहा वर्षांची हेळसांड तुम्ही वाचवलीत. खिडकीत पाण्याचं उथळ मातीचं भांडं ठेवा, चिमण्या, बुलबुल, साळुंक्या आपल्या पायांनी येतील आणि आपल्या मर्जीने जातील. पण महिन्यानंतरही कागद रोज बदलला जात असेल, घरातल्या लहानग्यालाही दार उघडण्याआधी पंख्याकडे बघायची सवय लागली असेल, तर तुमचं घर तयार आहे. मग खुशाल जोडी आणा.